गोड होणारी शेवटची ओळ

माझी थोरली बहीण एका छोट्या थिएटरच्या माहितीपत्रकासाठी सिनेमांच्या गोष्टी थोडक्यात लिहिते. प्रत्येक सिनेमाला चार ओळी. कुठे एक म्हातारा धरणात बुडालेलं गाव शोधतो, कुठे दोन बहिणी बंद गिरणीत कोंबड्या पाळतात, कुठे एक नर्स तीन तास तोंडातून शब्द काढत नाही. ताईला हे सगळं बघावं लागतं. डोळ्यांची पार वाट लागली आहे. "या दिग्दर्शकांना कोंडून त्यांचेच सिनेमे दाखवायला हवेत," असं करवादते आणि पुढचा लावते.

तिचा नियम एकच, शेवट फोडायचा नाही. लिहून झालं की ती आईला वाचून दाखवते. आई भाजी चिरता चिरता ऐकते आणि विचारते, "मेला ना गं शेवटी?" आईचा अंदाज सहसा चुकत नाही, कारण सिनेमातलं माणूस मरणार असलं की ताईची शेवटची ओळ हमखास गोड होते.

परवा ताई बाबांचे रिपोर्ट घेऊन दवाखान्यातून आली आणि चपला न काढताच खुर्चीत बसली.

"काय म्हणाले डॉक्टर?" आईने विचारलं.

"औषध बदललंय. पथ्य काही नाही, हवं ते खाऊ द्या म्हणाले. आता बाबांनी निवांत घरी राहायचं, आपल्या माणसांत, खिडकीतल्या कोवळ्या उन्हात."

आईने सुरी खाली ठेवली.

"किती दिवस गं?"