लाल फडकं दिसेनासं झालं तेव्हा

"पाय जुळवा आणि डोळे मिटून उभे राहा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला हसूच आलं. लोणावळ्यात दरीवर ताणलेल्या तारेवर चालून पोट भरणारा माणूस मी. फरशीवर उभं राहायचं म्हणजे काय मोठं! डोळे मिटले आणि आडवाच झालो. बायकोनं, सुनंदानं, धरलं म्हणून डोकं वाचलं.

मग पुण्याला तपासण्या. कानात गार आणि गरम पाणी सोडतात. धडधाकट माणसाला त्यानं गरगरतं. मी ढिम्म. रिपोर्ट आला, बायलॅटरल व्हेस्टिब्युलोपथी. म्हणजे दोन्ही कानांच्या आत तोल सांभाळणारा जो भाग असतो, तो निकामी झाला. ऐकू सगळं येतं, तोल तेवढा गेला. उन्हाळ्यात मोठं इन्फेक्शन झालं तेव्हा घेतलेल्या इंजेक्शनांचा हा परिणाम असावा, असं बाई म्हणाल्या. "ती दिली नसती तर जीव गेला असता." असेल. मला अजून पटत नाही.

आधी कळलं कसं नाही, असं सगळे विचारतात. अहो, तारेवरच तर फसलो! पलीकडच्या टोकाला लाल फडकं बांधलेलं असतं. खाली बघायचं नाही, नजर त्या फडक्यावरून काढायची नाही. डोळे तिथं खिळले की कानाचं काम डोळेच करतात. म्हणून कार्ल्याला घरच्या अंगणात अंधार पडला की मी भेलकांडायचो आणि सकाळी तारेवर नीट. शेजारी म्हणायचे, प्यायला लागला. सुनंदा रडकुंडीला यायची. "दवाखान्यात चला की वो!" मी तिच्यावरच डाफरायचो, "तारेवर पाय हलतोय का माझा? मग काय धाड भरलीय मला!"

पुढं एक दिवस तारेच्या मधोमध असताना धुकं चढलं. लोणावळ्यात धुक्याचं काय कौतुक, कान धड होते तेव्हा कैकदा त्यातून गेलतो. पण फडकं दिसेनासं झालं आणि वर कुठं, खाली कुठं, काहीच कळेना. कमरेला पट्टा होता म्हणून लोंबकळत राहिलो. पर्यटक टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं, खेळच आहे. त्यानंतरच दवाखाना गाठला.

"परत तारेवर कधी?" मी बाईंना विचारलं होतं.

"व्यायामानं चालणं सुधारेल. तार विसरा."

बाहेरच्या बाकावर बसून मी ढसाढसा रडलो. व्यायाम करतो, पण चाल अजून बेवड्यासारखीच आहे. 'होईल सगळं नीट' असं कुणी म्हटलं की डोक्यात तिडीक जाते. काय नीट होणार? मला दुसरं काही येत नाही.

तुमच्यापैकी कुणी अंधारात किंवा तोंडाला साबण लावल्यावर कलंडत असेल, तर दाखवून घ्या. काम जमतंय म्हणजे तब्येत बरी, या भ्रमात राहू नका.

परवा सुनंदानं ते लाल फडकं शोधून काढलं आणि अंगणापलीकडच्या मोरीच्या कडीला बांधलं. "हितनं त्याच्याकडं बगत चला. मी धरनार न्हाई." लय राग आला. तरी चाललो. पोचलो.

"पाय धुवा, च्या टाकते," ती म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावून आत गेली. तिनं मला टाकलं असतं तर माझं काय झालं असतं, देव जाणे.

आता रोज तेवढं जमतं. धुकं कार्ल्यापर्यंत उतरलं की मात्र फडकं दिसत नाही. मग मी उंबऱ्यावर बसतो आणि ती हात धरायला येईपर्यंत वाट बघतो.