बेल्मिरो पेशोतो मार्ग

बेल्मिरो पेशोतोला आपण सरकारदरबारीही मेल्याचं कळलं ते एका बिघडलेल्या फ्रीझरमुळे. मंगळवारी सकाळी एका बाईंचा फोन आला. मांस पाणी सोडायला लागलंय, ताबडतोब या. त्याने पत्ता विचारला.

"बेल्मिरो पेशोतो मार्ग, एकशेबारा."

"ते माझं नाव झालं, बाई. पत्ता सांगा."

"पत्ताच सांगतेय. नवीन आहे, नीट लिहून घ्या. पे-शो-तो."

गोयास राज्यातल्या त्या गावात बेल्मिरो तीस वर्षं फ्रीज दुरुस्त करत आला होता. त्याआधी चार वर्षं त्याने दारिओ कालिश्तोच्या 'लाल धूळ' बँडमध्ये ड्रम वाजवले होते. दारिओ म्हणजे कोण, हे ब्राझीलमध्ये कुणाला सांगावं लागत नाही. कुठल्याही बारमध्ये कुठलाही गरीब गायक गिटार घेऊन बसला, की तिसऱ्या गाण्याला मागच्या टेबलावरून आरोळी येतेच, "दारिओ वाजव रे!" आणि गायकाला आपलं गाणं गिळून 'डांबर संपतं तिथे' सुरू करावं लागतं. त्या गाण्यात आवाज लागण्याआधी ड्रमचे आठ ठोके आहेत. लोक ते बाटल्यांनी टेबलावर वाजवतात. ते ठोके बेल्मिरोचे. दुसरं कडवंही त्याचंच. पण रेकॉर्डवर घालायची नावं ज्या दिवशी लिहून दिली, त्या दिवशी बेल्मिरो बँडच्या गाडीसाठी टायर आणायला गेला होता. शब्द आणि संगीत, दारिओ कालिश्तो.

ही टायरची हकिगत कोपऱ्यावरच्या बारमध्ये सगळ्यांना तोंडपाठ होती. त्याने तोंड उघडलं की कुणीतरी म्हणायचं, "हो हो, आणि चाकाचा शोध मी लावला."

एकोणनव्वदमध्ये लग्न करून तो बँडमधून बाहेर पडला. दोन वर्षांनी दारिओसकट उरलेले तिघे उसाच्या ट्रकवर गाडी आदळून गेले. वर्तमानपत्राने चौघांचा जुना फोटो काळ्या चौकटीत छापला. बेल्मिरोने खुलाशाची दोन पत्रं पाठवली. मेलेल्या माणसाची पत्रं छापायची पद्धत नसावी.

आता त्या फ्रीझरमुळे हे पुन्हा पुढे आलं. पाण्याच्या टाकीमागे, डांबर जिथे खरोखरच संपतं तिथे, निळ्या पाटीवर लिहिलं होतं: 'बेल्मिरो पेशोतो मार्ग. संगीतकार. १९६२–१९९१.' जिवंतपणी त्याला कुणी संगीतकार म्हटलं नव्हतं. तो पाटीखाली बराच वेळ उभा राहिला. मग फ्रीझर दुरुस्त केला आणि तसाच नगरपालिकेत जाऊन सर्वांदेखत ओरडला की मी जिवंत आहे. या सगळ्या प्रकरणात चूक म्हणावी अशी त्याची एवढीच.

नगरसेविका जुसेलियाने त्याला आत बसवून कॉफी दिली.

"तुम्ही जिवंत आहात याचा मला आनंदच आहे," ती म्हणाली. "पण बाहेर बोलायला नको होतं. विरोधकांनी ऐकलं."

"ऐकावं म्हणूनच बोललो. तारीख खोडा. बाकी पाटी राहू दे."

"तारीख खोडली की पाटीच जाते. जिवंत माणसाचं नाव रस्त्याला देता येत नाही, कायदा आहे. शुक्रवारपर्यंत फाइलमध्ये कागद लागला नाही तर ठराव रद्द. गल्ली पुन्हा बिननावाची, पिनकोड गेला."

"मग मी काय करू? मरू?"

"एवढं नको. सारख्या नावाचं प्रतिज्ञापत्र द्या. 'लाल धूळ'चा ड्रमर बेल्मिरो पेशोतो वेगळा, तो वारला. मी फ्रीजवाला. नावापुरतं साम्य. असे कागद रोज होतात."

तीस वर्षं तो ज्याला त्याला सांगत आला होता की ते ठोके माझे. आता सरकारी कागदावर सही करून सांगायचं, की माझे नाहीत. तो कॉफी अर्धी ठेवून उठला.

गुरुवारी गल्ली त्याच्या घरी आली. पुढे फ्रीझरवाल्या दोना इरासी, हातात मक्याचा केक. मागे नऊ-दहा माणसं, खुर्च्या चार.

"सेन्योर बेल्मिरो," दोना इरासी म्हणाल्या, "अकरा वर्षं आमचा पत्ता होता, टाकीमागची तिसरी गल्ली. सुनेला कळा आल्या तेव्हा अँब्युलन्स टाकीला तीन फेऱ्या मारून परत गेली. पोर शेजाऱ्याच्या ट्रकमध्ये झाली. आता वीजबिल माझ्या दारात येतं. परवा पहिल्यांदा कुरिअरवाला आला, त्याला मी जेवायलाच बसवलं."

"माझ्यावर कशाला ढकलता? नगरपालिकेला दुसरा मेलेला मिळेना का?"

"मिळेल. पण पुढचा ठराव निवडणुकीनंतर. तुम्ही थोडे दिवस मेलेले राहिलात तर बरं होईल."

"थोडे म्हणजे किती?"

"ते तुम्ही बघा. आमची घाई नाही."

मागून कुणीतरी हसलं आणि खोकल्यात लपवलं. बेल्मिरो त्यांना टायरची हकिगत सांगू लागला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतली, मध्ये कुणी चाकाचं नाव काढलं नाही. एवढी माणसं एवढ्या गांभीर्याने ती पहिल्यांदाच ऐकत होती, आणि त्याच्या लक्षात आलं की तो टायर पंक्चर निघाला असता तरी त्यांनी अशीच मान हलवली असती.

ती गेल्यावर बायको नेइदे केक कापत म्हणाली, "करून टाक सही. नाहीतरी तुझ्यावर विश्वास कोणाचा होता?"

"तुझा होता ना?"

"माझा आहे. मी कुठल्या कागदावर सही करतेय?"

शुक्रवारी तो नोटरीच्या कचेरीत रांगेत उभा राहिला. या देशात माणसाने समोर बसून सही केली तरी ती त्याची ठरत नाही. कचेरीतल्या नमुन्याच्या कार्डाशी ती जुळावी लागते. खिडकीतल्या तरुणीने आधी एका चिठ्ठीवर त्याची सही घेतली, कार्ड शोधून काढलं, सही पाहिली, पुन्हा कार्ड पाहिलं.

"ही तुमची नाही."

"माझीच आहे."

"कार्डावर वेगळी आहे."

तिने कार्ड काचेला टेकवलं. शहाऐंशी साली रेकॉर्डच्या करारासाठी उघडलेलं. चोवीस वर्षांच्या बेल्मिरोने त्यावर चाहत्यांना द्यायची सही ठोकली होती: 'ब'ला भलीमोठी शेपटी, खाली आडव्या दोन काठ्या, त्यांच्यावर एक गोल. ड्रम असावा. फ्रीजच्या पावत्यांवर तो नुसतं 'पेशोतो' खरडत असे.

"नवीन कार्ड उघडा की," तो म्हणाला.

"उघडू. पण तुमच्या ओळखपत्रावरचा फोटो इतका जुना आहे की ते चालणार नाही. नवं ओळखपत्र यायला तीन आठवडे. नाहीतर कार्डासारखी सही करा."

तीन आठवड्यांनी गल्ली उरली नसती. तिने कोरा कागद पुढे सरकवला. पहिल्यांदा शेपटी वाकडी आली. दुसऱ्यांदा काठ्या काट्यांसारख्या दिसल्या. मागचा माणूस म्हणाला, "काका, स्वतःचीच सही ना? मग नक्कल कसली करताय?" चौथ्या खेपेला बेल्मिरोने विचार करणं सोडलं, आणि हात आपोआप फिरला. शेपटी, काठी, काठी, गोल.

तरुणीने प्रतिज्ञापत्र पुढे घेतलं आणि नियमाप्रमाणे मोठ्याने वाचलं. "'लाल धूळ बँडचा ड्रमर मी नव्हे. मी आयुष्यात कधी ड्रम वाजवलेले नाहीत.' बरोबर?"

शेवटचं वाक्य जुसेलियाने स्वतःच्या अकलेने घातलेलं होतं. बेल्मिरोने ते एकदा डोळ्यांनी वाचलं.

"बरोबर."

त्याने खाली सही केली. तिने ती कार्डाशेजारी धरली, दोन्हीकडे आलटून पालटून पाहिलं, आणि शिक्का मारला: सही जुळते.

"आता दुसरी प्रत," ती म्हणाली. "नगरपालिकेला दोन लागतात."

दुसरी सही पहिलीपेक्षा चांगली आली.