भिंतीवरचा तांब्या

“ओलं हाय, मावशी. वाळलं की जाईल.”

चुन्याचा कुंचला हातात धरून पेंटर म्हणाला. त्याचंच चित्र मी त्याच्याकडून पुसून घेत होते. ओल्या चुन्यातून दोन्ही बाया अजून दिसत होत्या. एक दारात हात वर करून उभी, ती मी. दुसरी दाराबाहेर पत्र्याच्या पेटीवर बसलेली.

“तुमचं पुसतो. हिला राहू देऊ का?” त्याने विचारलं.

“माझ्या भिंतीवर काय ठेवायचं ते मी ठरवीन. सगळं पूस.”

पुसलं त्याने. त्या बाईच्या तोंडावरून कुंचला सगळ्यात शेवटी फिरवला.

“ओलं हाय, वाळू द्या,” हे त्याचं नेहमीचं. तळवड्याकडून चाकणला जाताना तुमच्यापुढे जो टेम्पो धूर सोडत असतो, त्याचा नंबर बहुतेक त्यानेच लिहिलेला. मालक घाई करायला लागला की तो हे म्हणायचा. एकदा नाक्यावर दोन ड्रायव्हर एकमेकांची कॉलर धरून उभे होते, तेव्हाही मध्ये जाऊन हेच म्हणाला. दोघं हसले, भांडण तिथंच मिटलं. ब्रश शर्टाच्या डाव्या बाहीला पुसायचा. त्यामुळे एक बाही रंगीत, एक पांढरी. “दुसरी ईदला ठेवलीय,” म्हणायचा.

तो परभणीकडचा. कंपनीत कामाला आला, सात महिन्यांत ‘ब्रेक’ म्हणून कामावरून काढलं, मग ब्रश धरला. राहायचा खालच्या आळीत. आमच्या गावात आता निम्मी माणसं अशीच, बाहेरून आलेली, आमच्या खोल्यांत भाड्याने राहणारी. एका संस्थेची पोरं आली आणि म्हणाली, नवीन माणसांना पहिल्या दिवशी गाव कसं दिसलं ते भिंतींवर काढू. काढायला पेंटरला धरलं. मी म्हटलं, माझ्या गोठ्याची भिंत घ्या. फुकट रंग लागत होता.

त्याने ज्याला त्याला विचारून काढलं. बिहारचा वेल्डर म्हशीला घाबरून ट्रॅक्टरवर चढलेला. कोकणातली बाई आठवडे बाजारात मासळी हुंगून नाक मुरडणारी. दोघंही येणाऱ्याजाणाऱ्याला धरून आपापलं चित्र दाखवायचे. माझ्या भिंतीवर पेंटरने स्वतःचा पहिला दिवस काढला.

तो दिवस मला चांगला आठवत होता. त्याची बायको उन्हात पेटीवर बसलेली. तो खोली मागत होता. मी नाव विचारलं. त्याने सांगितलं. मी हात वर केला. “खोली न्हाई.” तीन खोल्या रिकाम्या होत्या. पाणीसुद्धा विचारलं नाही.

लोक भिंतीपुढे थांबून हसायला लागले. “आजी, हात दुखत न्हाई का वर धरून?” महिनाभर ऐकून घेतलं, मग एक दिवस मला राग आला. दुसऱ्या दिवशी सकाळीच चुना कालवला आणि पेंटरला बोलावलं.

एक हात मारून झाल्यावर मी सांगितलं, उद्या दुसरा मार. तो आला नाही. नाक्यावरचं त्याचं सामानही हललं होतं. चहावाल्याला विचारलं.

“गेला तो, आजी. घरवाली मागच्या पावसाळ्यात तापाने गेली. तिचे फोटो मोबाइलमध्ये होते, तो बसमध्ये चोरीला गेला. तुमच्या भिंतीवर होती तेवढीच. रोज वाट वाकडी करून तिकडून जायचा.”

घरी येऊन सुनेला सांगितलं. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, “आत्याबाई, चित्रात तुमच्या दुसऱ्या हातात तांब्या होता. तिला पाणी देत होता तुम्ही. बघितला न्हाई व्हय?”

नव्हता बघितला. मी वर केलेला हात तेवढा बघितला होता. तांब्या त्याने मनचा घातला होता.

एका हाताचा चुना पातळ असतो. पाणी लागलं की खालचं दिसतं. रोज सकाळी गुरांना पाणी दाखवून झालं की मी एक तांब्या त्या भिंतीवर ओतते. पेटीवर बसलेली ती दिसते. वाळेपर्यंत.

सून म्हणते, भिंत खचेल. खचू दे.

त्या दिवशी दारात आम्ही तिघं होतो. ती मेली. तो कुठं आहे, माहीत नाही. मी आहे.