टिचकीचे अकरा सेकंद

आमच्या क्लबात तिला सगळे टिचकी म्हणतात. हे नाव मी ठेवलं. नावं ठेवण्यात माझा हात कोणी धरणार नाही, असं माझी बायको कोणालाही सांगेल. मी किकबॉक्सिंग क्लबाचा चिटणीस. शाळेतल्या कारकुनीत असतानाच ही नसती उठाठेव अंगावर घेतली, ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. स्वतः आयुष्यात कोणाला ठोसा मारलेला नाही. मी अर्ज भरतो आणि सामन्यांच्या वेळी घड्याळापाशी बसतो.

टिचकी मारावी तशी तिची खेळायची पद्धत. पुढे यायचं, एक लाथ अलगद लावायची आणि समोरचीला कळायच्या आत मागे. पॉइंट फायटिंग या प्रकारात एवढंच लागतं. फटका बसला की पंच ‘स्टॉप’ म्हणतो, घड्याळ थांबतं, दोघी आपापल्या जागी परत जातात, गुण दिला जातो, पुन्हा सुरुवात. वीस वर्षं ती हेच खेळली आणि वीस वर्षं मी तिच्यासाठी घड्याळ थांबवलं. आता तर पंचानं तोंड उघडायच्या आत माझा अंगठा बटणावर पडलेला असतो. मला त्याचा अभिमान होता.

वागायचीही तिची हीच तऱ्हा. दारात यायचं, हातातली वस्तू द्यायची, “येते हं भाऊ” म्हणायचं आणि पायऱ्या उतरायच्या. वीस वर्षांत ती आमच्या घरी चपला काढून आत आली असेल तर शपथ. “तिला एकदा जेवायला बोलवा हो,” असं बायको दर दोन-चार महिन्यांनी म्हणते. मी हो म्हणतो. हो म्हणायला माझं काय जातं?

ती चष्म्याच्या दुकानात काम करते, पण तुम्ही त्या दुकानात गेलात तर ती तुम्हाला दिसणार नाही. पुढे मालक, मध्ये पडदा, मागे ती. फ्रेमचा आकार उतरवून घ्यायचा, मध्य कळावा म्हणून काचेवर तीन ठिपके द्यायचे, फिरत्या दगडावर पाणी सोडत काच घासायची, फ्रेममध्ये बसवून बघायची, काढून पुन्हा केसभर घासायची. दिवसाकाठी वीस-बावीस जोड. नखांत पांढरा गाळ बसलेला असतो, तो धुऊन जात नाही. गिऱ्हाइकांचे चेहरे तिला माहीत नाहीत, नंबर तेवढे माहीत. एकदा रस्त्यानं माझ्याबरोबर चालताना समोरून येणाऱ्या गृहस्थांकडे बघून म्हणाली, “हे उणे साडेचार. फ्रेम मीच बसवलीय.” उणे साडेचार तिच्याकडे न बघता निघून गेले.

घरी ती एकटी. आई होती तोवर दोघी होत्या. आई जाऊन नऊ वर्षं झाली. भाऊ दुसऱ्या शहरात आहे, म्हणजे आहे म्हणायचा. लग्न का झालं नाही ते मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. एकदा अर्जावर सही घ्यायला मी तिच्या खोलीवर गेलो होतो. दोन खुर्च्या होत्या. एकीवर तिची बसायची गादी, दुसरीवर नडगीचे पॅड वाळत घातलेले. मला बसायला द्यावं म्हणून तिनं घाईघाईनं पॅड उचलले, पण खुर्ची ओली झाली होती. “राहू दे,” मी म्हणालो आणि उभ्यानं सही घेतली. बाहेर पडताना उगीच वाईट वाटलं, आणि जिना संपेपर्यंत ते विसरलोही.

प्रत्येक स्पर्धेत क्लबाच्या खेळाडूला घरच्या माणसांसाठी दोन पास मिळतात. टिचकी तिचे दोन पास दर वेळी मला परत आणून द्यायची. “कोणाला लागले तर द्या, भाऊ.” मी ते ड्रॉवरमध्ये टाकायचो.

यंदा हौशी खेळाडूंची आंतरराष्ट्रीय स्पर्धा आमच्याच शहरात आली. टिचकीला पन्नास पूर्ण व्हायला दोन महिने उरले होते आणि ज्येष्ठ गटाची वरची वयोमर्यादा पन्नास. म्हणजे हीच पहिली आणि हीच शेवटची. “जिंकलं नाही तरी चालेल,” ती मला म्हणाली होती. “पण एकदा कोणीतरी लांबून येऊन माझ्याशी खेळून जावं.” इतकं लांब वाक्य तिच्या तोंडून मी प्रथमच ऐकलं.

हॉल मोठा होता. एका बाजूला दोरांची रिंगणं, तिथं फुल कॉन्टॅक्ट, मांडीवर लाथ चालणारा लो किक आणि गुडघेही चालणारा प्रकार. तिकडे माणूस खाली पडेपर्यंत मारतात आणि डॉक्टर शेजारी खुर्ची टाकून बसतो. दुसऱ्या बाजूला रबरी मॅट अंथरलेल्या, त्यांवर आमची मंडळी, म्हणजे पॉइंट फायटिंग आणि लाइट कॉन्टॅक्ट. नवीन माणसाला मी यातला फरक असा सांगतो: पॉइंट फायटिंग म्हणजे शेजाऱ्याशी भांडण. एक टोमणा मारायचा आणि दार लावून घ्यायचं. लाइट कॉन्टॅक्ट म्हणजे नवराबायकोचं भांडण. फार लागेल असं मारायचं नाही, पण घड्याळ थांबत नाही आणि उठून कुठं जाताही येत नाही.

वजनाच्या दिवशी सकाळी भिंतीवर याद्या लागल्या. ज्येष्ठ महिला, पॉइंट फायटिंग, तिचा वजनगट. खाली एकच नाव. आलेल्या दोघींपैकी एकीचं वजन जास्त भरलं होतं, दुसरी आजारी पडली होती. आणि नियम असा, की गटात एकच खेळाडू उरली तर सुवर्णपदक तिचं.

मला तर हर्ष झाला. क्लबाच्या इतिहासात पहिलं आंतरराष्ट्रीय सोनं, तेही आयतं. मी मास्तरांना शोधून आणलं. मास्तर म्हणजे आमचे प्रशिक्षक. तेही खूश.

टिचकीनं यादी दोनदा वाचली. “मग खेळायचं कधी?”

“खेळायचं कुठं आता?” मी म्हणालो. “परवा संध्याकाळी गणवेश घालून विजेत्यांच्या पायरीवर उभी राहा. गळ्यात पदक पडेल.”

“शेजारच्या पायऱ्यांवर?”

“कोणी नाही. तू एकटीच.”

ती म्हणाली, “एकटी उभी राहायचं पदक? ते तर मी रोज करते, भाऊ, फुकट.”

मास्तर हसले. मला हसू आलं नाही. तिनं शेजारच्या यादीवर बोट ठेवलं. तिथं लाइट कॉन्टॅक्टमध्येही याच वजनाचं एकच नाव होतं. परदेशातली बाई, वय सत्तेचाळीस. तिच्या संघाच्या कागदावर व्यवसाय लिहिला होता, बसचालक. “हिलाही जोडी नाही,” टिचकी म्हणाली. “माझं नाव तिकडे घाला.”

“तू लाइट कॉन्टॅक्ट कधी खेळली नाहीस,” मास्तर म्हणाले.

मी तर चिडलोच. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये, इतकं साधं कळत नाही का, म्हणून तिला चार माणसांत बोललो. तिनं ऐकून घेतलं. “नाव बदलून द्या, भाऊ,” एवढंच पुन्हा म्हणाली. मी बदलून दिलं, पण तोंड पाडून.

सामना दुसऱ्या दिवशी दुपारी, चौथ्या मॅटवर. मास्तर त्या वेळी दुसऱ्या मॅटवर अडकले होते, मी घड्याळापाशी. त्यामुळे टिचकीच्या कोपऱ्यातली प्रशिक्षकाची खुर्ची रिकामी. तिनं त्या खुर्चीवर पाण्याची बाटली आणि स्वतःचा चष्मा ठेवला. चष्म्याशिवाय तिला माझ्या घड्याळाचे आकडे दिसत नव्हते, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

दोन-दोन मिनिटांच्या दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत तिची पार दैना झाली. ती सवयीनं पुढे जायची, टिचकी मारायची आणि मागे सरायची; बसवाली तिच्या मागोमाग जायची. टिचकीला कळेना, ही अजून इथंच कशी. मागे सरता सरता दोनदा मॅटच्या बाहेर गेली, ताकीद मिळाली. तीन गुणांनी मागे. मधल्या मिनिटात ती रिकाम्या खुर्चीजवळ उभी राहून पाणी प्यायली. तिच्याशी बोलायला तिथं कोणी नव्हतं. ते मिनिटही मीच मोजत होतो.

दुसऱ्या फेरीत काय झालं कोणास ठाऊक, तिनं मागे सरणं सोडलं. दोघी हाताच्या अंतरावर, ही मारतेय, ती मारतेय, पुन्हा ही. फटके हलके, पण थांबणं नाही. दातांवरच्या रबरातून टिचकी हसत होती. मी डोळे चोळून बघितलं. बरोबरी झाली. आणि अठ्ठावन्न सेकंद उरले असताना तिची लाथ बसवालीच्या हेल्मेटला स्वच्छ लागली. दोन गुण.

आणि टिचकी वळली. हात खाली सोडले, पाठ फिरवली आणि आपल्या जागी चालू लागली. वीस वर्षांची सवय. पंचानं ‘स्टॉप’ म्हटलेलं नव्हतं.

बसवाली क्षणभर बघत राहिली. पाठमोरीला मारता येत नाही. मग तिनं पुढे होऊन ग्लोव्हनं हिच्या खांद्याला हलकेच स्पर्श केला, रांगेत पुढच्या माणसाला हाक मारावी तसा. टिचकी वळली. बसवालीनं दोन्ही हात वर धरले, म्हणजे ये. टिचकी गेली.

मग मी घड्याळाकडे पाहिलं. अठ्ठावन्न. तिच्यासारखाच माझाही अंगठा सवयीनं बटणावर पडला होता आणि घड्याळ थांबलं होतं. त्याच क्षणी हात वर करून पंचाला सांगायला हवं होतं. पण तीस देशांची माणसं बसलेली. मी गुपचूप बटण पुन्हा दाबलं आणि समोर बघत बसलो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते मी त्या टेबलावर भोगलं.

शेवटाकडे टिचकी एका गुणानं पुढे होती. अगदी शेवटच्या काही सेकंदांत बसवालीचे दोन ठोसे लागले, आणि वेळ संपली. टिचकी एका गुणानं हरली.

पंचानं बसवालीचा हात वर केला. मग बसवालीनं टिचकीला मिठी मारली. टिचकीनं तिच्या पाठीवर सवयीनं एक थाप मारली आणि मागे सरायला लागली, पण बसवाली सोडेना. थोड्या वेळानं टिचकीचेही हात तिच्याभोवती गेले. पुढच्या जोडीला मॅट हवी होती, पंच वाट बघत होता. कोणाच्या तरी कवेत टिचकीला मी पहिल्यांदा पाहिलं, आणि मला बघवेना.

दुसऱ्या दिवशी बसवाली विमानानं गेली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, त्यामुळे पत्ते घ्यायचं कोणाला सुचलं नाही.

स्पर्धा संपल्यावरच्या रविवारी सकाळी बायको मोबाईल घेऊन माझ्यापुढे बसली. “अहो, हे घड्याळ हलत का नाही?” तिनं तो सामना वरच्या बाकावरून टिपला होता.

“तू कधी आली होतीस?”

“ड्रॉवरमधला तिचा पास घेऊन गेले. कोणीतरी बसायला नको का तिचं?”

आम्ही तो तुकडा तीनदा पाहिला. बायकोनं मोजले, मग मी मोजले. अकरा सेकंद घड्याळ बंद होतं. म्हणजे खरी वेळ संपली तेव्हा टिचकी एका गुणानं पुढे होती. बसवालीचे ते दोन ठोसे माझ्या अकरा सेकंदांतले.

“आता काय करायचं?” मी म्हणालो.

“काय म्हणजे? जाऊन सांगा. आणि जेवायला बोलवा.”

सोमवारी मी दुकानात गेलो. मालकानं पडदा बाजूला केला आणि मी वीस वर्षांत प्रथमच मागच्या खोलीत शिरलो. जेमतेम दोन पावलांची खोली. दिवा, दगड, पाण्याची नळी, पाकिटांची चळत. टिचकी काच घासत होती. वाटेत जुळवलेली वाक्यं मी सगळी विसरलो आणि जे झालं ते सरळ सांगून टाकलं.

तिनं दगड बंद केला. “म्हणजे मी जिंकले होते?”

“हो. एका गुणानं.”

ती फडक्यानं काच पुसत राहिली. कोरडी झाल्यावरही पुसत राहिली.

“मला माफ कर,” मी म्हणालो. “आणि ऐक, मी आजच आयोजकांना पत्र लिहितो. चित्रण आहे आपल्याकडे. निकाल बदलतील. ते शेवटचे अकरा सेकंद धरायचे नाहीत, असं म्हणतील फार तर.”

“किती म्हणालात?”

“अकरा.”

“म्हणजे नियमापेक्षा अकरा सेकंद जास्त खेळलो आम्ही.” तिनं काच दिव्यासमोर धरून बघितली. “मग पत्र नका लिहू, भाऊ. पत्र लिहिलंत तर ते अकरा सेकंद काढून घेतील.”

बायकोचा निरोप तेवढा कसाबसा सांगितला. “येईन कधीतरी,” ती नेहमीसारखं म्हणाली.

तिनं पाकिटातून पुढची काच काढली, तीन ठिपके दिले आणि दगड सुरू केला. खोलीत बसायला एकच स्टूल होतं आणि त्यावर ती बसली होती. मी तिथंच, पडद्यापाशी, तिची ती काच पुरी होईपर्यंत उभा राहिलो.