भट्टीवाल्याचा कोपरा
कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये भात शिजला की काकू एक शीत बोटांत चुरडून बघत आणि मग उलथन्याने भातावर रेघा ओढत. इतका पहिल्या रांगेचा, इतका दुसरीचा, आणि तो कोपरा भट्टीवाल्याचा. भट्टी सोडून त्याला वेळेवर येता येत नसे, आणि उशिरा येणाऱ्याच्या नशिबी नुसती खरवड, हे काकूंना मान्य नव्हतं. गोल पातेल्याला कोपरा कुठला, असं कुणी विचारलं तर त्यांना ऐकू येत नसे.

अलीकडे तर रेघांना विद्येचं बळ मिळालं होतं. भाषेचा अभ्यास करणारी भाची म्हणाली, भात हा शब्द जुन्या 'भक्त' वरून आला.

"म्हणजे हात जोडणारा?"

"नाही गं मावशी. इथे वाटून दिलेला हिस्सा. त्यावरून अन्न, आणि मग शिजवलेले तांदूळ."

"म्हणजे एवढी वर्षं माझं बरोबरच होतं की!" म्हणत काकूंनी ही गोष्ट विचारेल त्याला आणि न विचारेल त्यालाही ऐकवली.

पुढे कारखान्यात नवी माणसं आली. कॅन्टीनच्या नव्या ठेकेदाराने तांदूळ मात्र वाढवले नाहीत. एके दिवशी रांग दाराबाहेर गेली. ठेकेदार सर्वांआधी भाताचा डोंगर घेऊन बसला होता. तिथूनच तो म्हणाला, "काकू, तो कोपरा वाढून टाका."

"तो भट्टीवाल्याचा आहे."

"त्याचं नाव लिहिलंय का त्यावर?"

"भात म्हणजेच वाटा. ज्याचा त्याला."

"मला शब्द शिकवू नका. वाढा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

या वयात दुसरीकडे कोण उभं करणार? पण त्यांनी भातवाढी उचलली ती थेट ठेकेदाराच्या ताटात घातली. त्याने अजून घास घेतला नव्हता. अर्धा डोंगर उचलून त्यांनी रांगेतल्या पहिल्याला वाढला, आणि पुढच्या प्रत्येकाला नेहमीपेक्षा थोडा कमी, म्हणजे कोपरा न मोडता सगळ्यांना पुरला. एकदोघे कुरकुरले. काकूंनी नुसतं बघितलं, तेवढं पुरलं.

ठेकेदार ताट सरकवून उठला. "झालं तुमचं इथलं. उद्या तोंड दाखवू नका."

सगळे पांगल्यावर भट्टीवाला आला. कोपरा जसाच्या तसा होता. दोन घास खाऊन तो म्हणाला, "काकू, आज भाताचा अगदी गिचगोळा झालाय हो."

एरवी असं बोलणाऱ्याची त्यांनी बिनपाण्याने केली असती.

"जेव मुकाट्याने," काकू म्हणाल्या. "उद्या मोकळा करते."