आत्या, हळद आणि जपानची सूर्यदेवी

माझ्या हळदीच्या सकाळी आत्या आतल्या खोलीत गेली आणि कडी लावून बसली. आई वारली तेव्हा मी दोन वर्षांची. मला वाढवलं ते ह्याच आत्यानं, विधवा होऊन माहेरी परतलेल्या. पण चुलतीनं काहीतरी कुजबुज केली आणि माझा बाप आत्याला म्हणाला, "पहिली हळद तू नको लावू, लोकं नावं ठेवतील." सख्खी बहीण त्याची. माझं डोकंच सणकलं. मी पाटावर बसून जाहीर केलं, आत्याच्या हाताशिवाय हळद लावून घेणार नाय.

वाशिंदहून नवऱ्याची उष्टी हळद येऊन पडली होती. तासभर सगळे दाराशी विनवण्या करत होते, बापसुद्धा. आत्या कडी काढीना.

मग मला शहापूरच्या कॉलेजात असताना वाचलेली गोष्ट आठवली. जपानची सूर्यदेवी अमातेरासू भावाच्या धिंगाण्याला वैतागून गुहेत जाऊन बसते. जगात अंधार होतो. मग बाहेर एक देवी अचरटासारखी नाचते, सगळे देव खो-खो हसतात, आणि आपल्यावाचून एवढं काय चाललंय म्हणून ही डोकावते. इथंही आत्या भावामुळंच आत गेली होती की.

मी कॅसेट मोठ्यानं लावायला सांगितली, पदर खोचला आणि अंगणात उतरले. चांगलं नाय, मुद्दाम वाईट नाचले. गोमाशी चावल्यावर आमची म्हैस पाय झाडायची ना, तसं. मांडवातल्या बायांची हसून मुरकुंडी वळली.

दार चार बोटं उघडलं. "काय गो, नवरी ना तू? लाज हाय का नाय?"

मी तिला हात धरून बाहेर ओढली. मागच्या मागं बापानं दाराला कुलूप घातलं आणि चावी खिशात टाकली. गोष्टीतले देव देवीच्या मागं गवताची दोरी बांधतात, ती परत आत जाऊ नये म्हणून. बापाला ती गोष्ट कुणी सांगितली नव्हती.

"तूच लाव," तो खाली बघत म्हणाला.

आत्यानं पहिलं बोट माझ्या कपाळाला लावलं. मग तिनं दोन्ही हातांनी मला अशी फासली की कानांतसुद्धा हळद गेली. मला इतका आनंद झाला की रडूच फुटलं.

दुपारी हळद वाळत असताना तिला सगळी गोष्ट सांगितली. जपानचे राजे स्वतःला ह्या देवीचे वंशज म्हणवतात, हेही सांगितलं.

"तिचा नवरा कोन?"

"गोष्टीत नवरा येतच नाय."

"तरी राजे तिचेच?"

"तिचेच."

दुसऱ्या दिवशी लग्नात वऱ्हाडातल्या एका बाईनं आत्याला विचारलं, "तुमी नवरीच्या कोन?"

बाप सांगायला पुढं झाला. त्याच्याआधी आत्या म्हणाली, "आई."