घाण्याची मालकीण

करडीच्या ताज्या तेलाचा वास आला की नांदेडची ती दुपार आठवते. नवा व्यवसाय काढणाऱ्या आम्हा बायकांसाठीच्या, ‘एमबीए’ म्हणवणाऱ्या छोट्या वर्गाचा शेवटचा दिवस होता. घरच्यांनाही बोलावलं होतं. मी परीक्षकांसमोर माझ्या लाकडी तेलघाण्याचा बेत मांडत होते. परीक्षक बाईंनी विचारलं, “निर्णय कोण घेणार?” मी तोंड उघडण्याआधीच मागून सासरे म्हणाले, “आम्ही हाव की!” सगळे हसले. “मामा, मला इचारलंय,” मी म्हणाले, “घाणा मीच चालवणार हाय.” ते उठून बाहेर गेले. आमच्या गावी, नायगावला परतताना एसटीत ते माझ्यापासून लांब, पुढच्या सीटवर जाऊन बसले आणि घाणा आता होतो की नाही, या धास्तीनं माझा जीव थाऱ्यावर नव्हता. घरी पोचल्यावर ते सासूबाईंना म्हणाले, “मालकिणीला पाणी दे.” घाणा झाला, चालतोही, पण ते रागानं म्हणाले की कौतुकानं, हे मला अजून कळलेलं नाही.